वीतभर वावर

लहान मुलांच्या हाती माती द्यावी, यावर आज कुणाचे दुमत नाही. कठीण असते ते एकदा दिलेली माती काढून न घेणे.

फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत आपल्या बालशिक्षणसंस्थेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. ते रूपक होते खरे. परंतु त्याच्या योजनेत खरोखरीची बागही होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा आणि त्याखेरीज सर्वांचे मिळून सामायिक वाफे. आपल्या 'बालवाडी'तल्या वाडीलाही नारळी-पोफळींचा गारवा आहे. हा शब्द मराठी मुलखाबाहेरही रुळला. वाफे मात्र वाटेत कुठे तरी गळाले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आरंभलेले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेलेले काम या संदर्भात आठवते. पाने, बिया, शंख-शिंपले हेच तिथले शिक्षणसाहित्य. शहरातल्या बालवाडीत बहुधा भिंतीवर रंगवलेले झाड असते. त्याची पाने गळत नाहीत.

घरातही तेच. नवरात्रातल्या घटाभोवतीचे धान्य हे आपल्या मुलांचे पहिले बीजदर्शन. देवघराच्या काळोखात वाढलेले ते पिवळसर कोंब दसऱ्याला टोपीत नि वेणीत खोचले जातात. पण नऊ दिवस तिथे हात लावायची मुभा नसते, आणि मुलाला तर हातानेच पाहायचे असते.

म्हणून गेल्या आश्विनात पाच वर्षांच्या नातीला मी चवळीचे दहा दाणे दिले. त्यांतले दोन उकरण्यासाठीच होते. ते तिने दुसऱ्याच दिवशी उकरले. एक दाणा तिने मुद्दाम उलटा खोचला होता. त्याचाही मोड वळसा घेऊन खालीच निघाला होता. "आजी, काळोखात त्याला खाली कुठे ते कसं कळतं?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते सांगण्याची मला घाई वाटली नाही. चार-पाच दिवसांनी उरलेले आठ दाणे दोन फाकांचे ओझे डोक्यावर घेऊन मातीबाहेर आले.

तीनेक आठवड्यांनी कबुतरांनी एका रोपाचा शेंडा खुडला आणि ते मान टाकून वाळले. सून हलक्या आवाजात म्हणाली, "आई, ती उठायच्या आत दुसऱ्या कुंडीतलं रोप इथे लावून टाकू?" तिच्या म्हणण्यात मायाच होती. त्याच पावसाळ्यात नातीचे आजोबा गेले होते, आणि 'आजोबा गावाला गेलेत' असे तिला सांगण्यात आले होते. तीही मायाच.

मी रोपाला हात लावू दिला नाही.

नात उठली, गॅलरीत गेली. दोन दिवस तिने त्या काडीला पाणी घातले. तिसऱ्या दिवशी ती उपटली. मुळांवर बारीक गाठी होत्या. त्या तिने बोटाने चाचपून मोजल्या. या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन धरून रोपाला पुरवतात, हे मी तिला माझ्या परीने सांगितले. "मग आता ते कुणाला देणार?" मी म्हटले, मातीला. तिने काडी पुन्हा कुंडीतच आडवी ठेवली.

मग माझ्याकडे न बघता तिने विचारले, "आजोबा गावाहून येणार नाहीत ना?"

मी 'नाही' म्हटले. उरलेल्या सात रोपांना त्या दिवशी पाणी घालायचे राहूनच गेले.