लॉटरी लागली तर

उरलेलं आयुष्य बसून खाता येईल इतका पैसा अचानक हाती आला, तर तुम्ही काम सोडाल का? नॅन्सी मॉर्स आणि रॉबर्ट वाइस यांच्या 1955 सालच्या अभ्यासात अमेरिकेतल्या नोकरदार पुरुषांना हा प्रश्न विचारला होता. दहातल्या आठांनी सांगितलं, काम चालूच ठेवू. मूळ प्रश्न वारशाने मिळालेल्या पैशांचा होता. पुढे तो 'लॉटरीचा प्रश्न' म्हणून ओळखला जाऊ लागला. माणूस निव्वळ पगारासाठी राबत नाही, हे सांगायला औद्योगिक मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला तो फार सोयीचा. मी तो तीस वर्षं वर्गात शिकवला, आणि घर अंबरनाथला असल्यामुळे उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात लोकांना विचारतही राहिलो.

मॅक्स वेबरने 1904-05 मध्ये मांडलेल्या प्रॉटेस्टंट नीतीच्या कल्पनेवरून मिरेल्स आणि गॅरेट यांनी 1971 मध्ये 19 विधानांची एक मोजपट्टी तयार केली. तिचं मराठी करायला बसलो तेव्हा पहिलीच अडचण 'वर्क' या शब्दाची आली. आपल्याकडे नोकरी असते, धंदा असतो, मजुरी असते, चाकरी असते. 'काम' म्हटलं की अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातला माणूस विचारायचा, "ड्युटीबद्दल म्हणताय का?" उल्हासनगरच्या गाळ्यात नगावर जीन्स शिवणारा म्हणायचा, "सीझनला असतं, नंतर नसतं." एकाचं काम ही त्याची समाजातली जागा होती, दुसऱ्याचं काम पाहुण्यासारखं येत-जात होतं. दोघांनाही 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा त्याच रकान्यांत खूण करायची होती.

वेबरच्याच वाटेने पुढे गेलेल्या डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1961 च्या 'द अचीव्हिंग सोसायटी'त देशाची आर्थिक प्रगती माणसांच्या यशप्रेरणेशी जोडली. नंतर आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांना या प्रेरणेचं प्रशिक्षणही दिलं गेलं. त्याच्या कितीतरी आधी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले निर्वासित राहत होते. 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पापड, मिठाई, शिलाई असं करत तिथे बाजार उभा राहिला. त्याला यशप्रेरणा म्हणा हवं तर. पण परत जायला गाव उरलं नव्हतं, आणि व्यापारातल्या जुन्या ओळखी, उधारीचा विश्वास काही जणांसोबत आला होता. या दोन्ही गोष्टींसाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता.

एकदा एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने मला बोलावलं. गैरहजेरी वाढली होती. कामगारांची कार्यनिष्ठा मोजून हवी होती. मुलाखतींत एक कंत्राटी कामगार समोर बसला. प्रश्न नीट ऐकून घेऊन म्हणाला, "सर, अकरा वर्षं मी त्याच मशीनवर आहे. कागदावर दर वर्षी नवीन लागतो. निष्ठा कुठल्या तारखेपासून धरायची?"

गैरहजेरीच्या दिवशी तो होता कुठे, तर दुसऱ्या ठेकेदाराकडे नाव लावायला. कंत्राट संपायच्या आत पुढची सोय बघणारा माणूस बेफिकीर असतो, की जास्तच जबाबदार? मॉरिस डी. मॉरिस यांनी मुंबईच्या कापडगिरण्यांचा अभ्यास 1965 मध्ये पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा हेच दाखवलं होतं: कामगार टिकत नाहीत, शिस्त पाळत नाहीत, याची कारणं त्यांच्या गावाकडच्या मनोवृत्तीत शोधण्यापेक्षा मालकांच्या धोरणांत शोधावीत. मी अहवालात कामगारांचे व्यक्तिगत गुण दिले नाहीत. त्याऐवजी व्यवस्थापनालाच प्रश्न विचारले: ठेकेदार किती वेळा बदलला, पगार किती तारखेला झाला, पाळी बदलल्याचं किती दिवस आधी कळवलं. निष्ठा ही माणसाच्या रक्तातली साखर नव्हे, एका बाजूचं बोट टोचून मोजता येत नाही. तो देण्याघेण्याचा हिशेब आहे, आणि वही दोघांचीही बघावी लागते. त्या कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही.

बदलापूरला प्रश्नाचा रंग आणखी बदलतो. मुंबईच्या सीएसएमटीपासून हे स्टेशन 68 किलोमीटरवर. घर इथे परवडतं, नोकरी तिकडे मिळते, आणि मधले तीन-साडेतीन तास कुणाच्याच हजेरीपटावर नसतात. कामावरच्या समाधानाच्या प्रश्नावल्या माणूस ऑफिसात शिरल्यावर सुरू होतात. दारात लटकून, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, डब्याची पिशवी छातीशी धरून तो तिथवर पोचला, हे त्यांना ठाऊक नसतं.

मुंबईच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या बदलापूरच्या परिचारिकेला मी लॉटरीचा प्रश्न विचारला होता. उत्तरासाठी 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. ती हसून म्हणाली, "काम नाही हो सोडणार. लोकल सोडीन."

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि तिचं वाक्य समासात लिहून घेतलं. आता निवृत्तीनंतर जुने गठ्ठे चाळतो, तेव्हा चौकोनांवरून नजर घसरते आणि समासातल्या अक्षरांवर थांबते.