जिथे मेडियाने गाऱ्हाणे मांडले

मैत्रिणींनो, अथेन्सला जायचा योग आलाच, तर ॲक्रोपोलिसची टेकडी बघून तशाच परत फिरू नका. तिच्या दक्षिण उतारावर डायोनिसस देवाचे उघड्यावरचे नाट्यगृह आहे, तिथे जरा टेका. उन्हाळ्यात सकाळीच गेलेले बरे. दुपारी दगड नुसते तापतात. पायात सपाट चपला हव्यात, संगमरवर फार निसरडा!

पुढच्या रांगेतल्या कोरीव संगमरवरी खुर्च्या नंतरच्या काळातल्या. इसवी सनापूर्वी ४३१ साली युरिपिडीसचे ‘मेडिया’ इथे झाले, तेव्हा बाके लाकडी होती. नवऱ्यासाठी माहेर तोडून परमुलखात आलेली ही बाई. नवरा राजकन्येशी दुसरे लग्न करतो. कोरसमधल्या बायकांपुढे ती मन मोकळे करते, आणि शेवटी सूडापायी पोटची दोन मुले मारते. तिचे काम मुखवटा घालून पुरुषानेच केले. स्पर्धेत होते तीन नाटककार. युरिपिडीसचा नंबर तिसरा!

पण आज जगभर होते ते हेच नाटक. १९९६ साली जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी कादंबरीत गोष्टच फिरवली. त्यांच्या मते मुले मारली कॉरिंथच्या लोकांनी, आळ मात्र आला परक्या बाईवर.

निवाडा दोघांचा वेगळा. पण एकट्या पडलेल्या बाईचे गाऱ्हाणे दोघांनीही ऐकून घेतले. तेवढ्यासाठी तरी त्या पायऱ्यांवर दहा मिनिटे काढाच.