सणांच्या तारखा शाबूत आहेत

गालिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, पोर्तुगालच्या डोक्यावरचा. भरपूर पाऊस, हिरवे डोंगर, पश्चिमेला अटलांटिक. स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते इथे फारसं नाही. वाद्य बॅगपाइप, तिला ‘गायता’ म्हणतात. भाषा गालेगो, पोर्तुगीजची सख्खी बहीण. माणसं सत्तावीस लाख आणि वस्त्या 30,000च्या आसपास. वाड्याच वाड्या. त्यांतल्या हजाराहून जास्त वाड्यांत आज चूल पेटत नाही.

सण मात्र आहेत. पर्यटनाच्या पुस्तिका त्यांनी भरलेल्या असतात. गेलं ते सणाच्या पाठीमागचं, आणि पुस्तिकेत त्याला जागा नसते. म्हणून ही यादी. क्रम लावलेला नाही.

*

गाडीचं गाणं. इथल्या बैलगाडीत चाक आसावर फिरत नसे. चाकं आसाला पक्की आणि आस त्यांच्यासकट फिरायचा. लाकडावर लाकूड घासून जो सूर निघे, त्याला ‘गाडी गाते’ म्हणत. आपल्या कानाला ते किंचाळणंच वाटलं असतं. ओंगण घालून ते थांबवता आलं असतं, पण गाणारी गाडी हीच चांगली गाडी. दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेल्या अरुंद वाटेवर समोरून कुणी येतंय हे त्या सुरावरून कळायचं. कोण येतंय हेही कळायचं.

23 जूनच्या रात्री, म्हणजे सान शोआनला, गावातली पोरं फाटकं, नांगर, गाड्या पळवत आणि भलत्याच्या दारात किंवा चौकात नेऊन ठेवत. दुसऱ्या दिवशी मालकाने शोधत फिरायचं. गाणारी गाडी मुकाट्याने पळवणं ही त्यातली खरी करामत. आता ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टर पळवला तर पोलीस येतात.

*

सात झऱ्यांचं पाणी. त्याच रात्री नेचा, बडीशेप, रोझमेरी, एल्डरची फुलं, गुलाबाच्या पाकळ्या असं सगळं पाण्यात घालून भांडं उघड्यावर, दवात ठेवायचं. सकाळी त्या पाण्याने तोंड धुवायचं. वर्षभर कातडीला आणि नजरेला काही होत नाही म्हणतात. काही गावांत यासाठी सात वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी लागायचं.

ही चाल मेलेली नाही. शहरातल्या मंडईत त्या दिवशी पाल्याच्या तयार जुड्या मिळतात. पाणी नळाचं. कोणती वनस्पती कुठल्या बांधाला उगवते हे माहीत असणारी बाई, आणि सातही झऱ्यांच्या वाटा ठाऊक असणारी तिची नात, यादीत या दोघींची नोंद करतो.

(गोव्यातला सांजांव तो हाच संत, फक्त दुसऱ्या दिवशी, 24 जूनला. तिकडे विहिरीत उड्या, इकडे आगीवरून.)

*

चाती. हिवाळ्याच्या रात्री वाडीतल्या बायका एका घरी जमून जवसाचा वाख कातायच्या. या बैठकीला फियादा म्हणत. सूत कातून झालं की पोरं यायची, पांदेइरेता म्हणजे झांजा लावलेली डफली निघायची आणि नाच सुरू व्हायचा. अर्ध्या गावाची लग्नं इथेच ठरत असणार. धर्मगुरूंना हे पसंत नव्हतं. बिशपांनी बंदीचे हुकूम काढले. हुकमांनी काही झालं नाही. गिरणीचं कापड आलं, जवस गेलं, आणि रात्री जमायला निमित्त उरलं नाही.

पांदेइरेता तेवढी वाचली. म्हाताऱ्या बायकांकडून शिकून मुलींनी ती पुन्हा हातात घेतली. 2022 मध्ये तान्शुगेइरास या तिघी गायिका युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेसाठीच्या स्पॅनिश निवड-स्पर्धेत ती वाजवत उतरल्या. प्रेक्षकांची सर्वाधिक मतं त्यांना पडली. निवड मात्र दुसऱ्याच गायिकेची झाली. चाती संग्रहालयात आहे, काचेमागे.

*

मुइन्येइरा हा गालिसियाचा सर्वांत ओळखीचा नाच. मुइन्यो म्हणजे पाणचक्की. दळण होईपर्यंत रात्र काढायची म्हणून नाचायचे. ओढ्याकाठच्या चक्क्या ढासळल्या. नाच व्यासपीठावर गेला.

*

लाल कणीस. मक्याचं पीक निघालं की शेजारीपाजारी रात्री एका अंगणात कणसं सोलायला बसायचे. मजुरी नाही; आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सगळी कणसं पिवळी किंवा पांढरी. सोलता सोलता एखाद्याच्या हाती लाल दाण्यांचं कणीस यायचं. त्याला ‘राजा’ म्हणत. ज्याला सापडलं त्याने उठून बसलेल्या सगळ्यांना, म्हणजे मुलींनाही, मिठी मारायची. आयाबापांच्या देखत. एरवी वर्षभर जे शक्य नव्हतं ते एका कणसाने शक्य व्हायचं. एखादा पोरगा घरून लाल कणीस बगलेत लपवून आणत असेल की नाही? मला तरी खात्री आहे.

आता बराचसा मका गाईंच्या मुरघासासाठी हिरवाच कापतात, ताटासकट. कणीस सोलायची वेळच येत नाही.

*

फुटकं मडकं. शिन्सो दे लिमिया गावचा कार्निव्हल पाच आठवडे चालतो. त्यातला एक रविवार मडक्यांचा. चौकात रिंगण धरून मातीची मडकी एकमेकांकडे भिरकावतात. ज्याच्या हातून फुटेल त्याने वाइन पाजायची. पूर्वी घरातली जुनी, काठाला तडा गेलेली, कामातून गेलेली मडकी यासाठी राखून ठेवत. खेळासाठी नवं मडकं फोडायची ऐपत आणि इच्छा कुणाला होती? कोणत्या घरातलं मडकं कोणत्या साली चौकात गेलं, यालाही इतिहास असायचा. आज घरात प्लास्टिक आणि स्टील. मडकी फोडण्यासाठीच विकत आणावी लागतात.

*

कार्निव्हलला गालेगोत एन्त्रोइदो म्हणतात. गोव्याचा इंत्रूज हाच शब्द, पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेला. म्हणून थोडं जास्त लिहितो.

ओउरेन्से प्रांतातल्या लासा गावाचा पेलिकेइरो म्हणजे लाकडी मुखवटा, त्यावर प्राण्याचं चित्र रंगवलेली उंच टोपी, कमरेला जनावरांच्या गळ्यातल्या जड घंटा आणि हातात चाबूक. तो बोलत नाही. तुम्हाला मारू शकतो. तुम्ही त्याला शिव्या द्या, पण हात लावायचा नाही. सोमवारी चिखलात बुडवलेल्या चिंध्यांची मारामारी होते, आणि दुपारी मातीसकट जिवंत मुंग्या अंगावर फेकतात. मुंग्या आधी व्हिनेगर शिंपडून चवताळवलेल्या. मंगळवारी ‘गाढवाचं मृत्युपत्र’ वाचतात: मेलेल्या गाढवाचा कोणता अवयव गावात कुणाला लाभला, याची यमकात वाटणी. वर्षभराची सगळी लफडी त्यात निघतात. एका सणात गावाचं कोर्ट आणि वर्तमानपत्र दोन्ही.

3 फेब्रुवारी 1937 रोजी फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हल बंद केला. मुखवट्यामागे कोण आहे हे कळत नाही, आणि हुकूमशहाला तेवढंच पुरतं. शहरांनी ऐकलं. लासा, वेरीन, शिन्सो या गावांनी सोडलं नाही.

चाळीस वर्षांच्या बंदीला पुरून उरलेल्या गावाला आज काय कमी पडतं? मृत्युपत्रात नाव घ्यायला माणसं. ज्याची टिंगल करायची तो माद्रिदला नाही तर बार्सेलोनाला असतो आणि शनिवार-रविवारी पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याची टिंगल कोण करणार? समोर कॅमेरे घेतलेले पर्यटक, त्यांना यमकातली खोच कळत नाही. मुंग्या मात्र त्यांनाही चावतात.

*

रेगेइफा. मूळ अर्थ लग्नातली पाव-भाकरी. लग्नघरी दोघे उभे राहून तिच्यासाठी पद्यात सवाल-जवाब करायचे, आयत्या वेळी रचून. जिंकेल त्याला भाकरी. हल्ली शाळांतून शिकवतात. लग्नं हॉटेलात होतात.

*

सगळ्याच तारखा शाबूत आहेत असंही नाही. प्रत्येक पॅरिशचा एक संत, त्याचा एक दिवस. पण गावची माणसं ब्वेनोस आयरेसला, मग स्वित्झर्लंड-जर्मनीला गेली (अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गालेगो’च म्हणतात). परत येणार ती ऑगस्टच्या सुट्टीत. तेव्हा बऱ्याच संतांचे उत्सव ऑगस्टात सरकले. संतांनी तक्रार केली नाही. घरोघर फिरून वर्गणी काढणारी समिती ही मात्र दुर्मीळ होत चाललेली वस्तू आहे. पाच म्हातारे आणि एक वहीखातं.

*

चेस्टनट. बटाटा आणि मका अमेरिकेहून येण्याआधी इथल्या डोंगरातली गरिबी चेस्टनटवर जगली. 11 नोव्हेंबरच्या सुमाराला मागोस्तो: रानात पाला पेटवून चेस्टनट भाजायचे, नवी वाइन प्यायची, राखेचे हात एकमेकांच्या तोंडाला फासायचे. आधी मुळं सडवणाऱ्या रोगाने झाडं खाल्ली. 2014 मध्ये कळ्यांत गाठी करणारी आशियातली गांधीलमाशी गालिसियात सापडली. मागोस्तो होतो. मैदानावर, मोठ्या पत्र्याच्या पिंपात, नगरपालिकेतर्फे.

*

आपाल्पादोर. कोउरेलच्या डोंगरातला कोळसे पाडणारा राक्षसाएवढा माणूस. वर्षअखेरच्या रात्री खाली उतरतो, झोपलेल्या पोरांची पोटं चाचपतो, भरलेलं पोट पाहून खूश होतो आणि मूठभर चेस्टनट ठेवून जातो. भेट म्हणून पोट भरलेलं असणं, याहून सरळ सण मी ऐकलेला नाही. चारदोन डोंगरी खोऱ्यांतल्या म्हाताऱ्यांपुरता तो उरला होता. 2006 मध्ये त्याच्यावर एक लेख आला आणि पाहता पाहता तो शहरांच्या मिरवणुकांत आला. तिथे तो खेळणी वाटतो. पोटाला हात लावत असेलही.

*

जंगली घोडे. साबुसेदो गावी जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी डोंगरातली घोडी हाकून दगडी रिंगणात आणतात. दोर नाही, काठी नाही. तिघे जण नुसत्या अंगाने एका जनावराला थोपवतात आणि आयाळ कापतात. 1970 च्या दशकात गालिसियाच्या डोंगरांत सुमारे 22,000 अशी घोडी होती. आता निम्म्याच्या आसपास. तोशो नावाचं काटेरी झुडूप ती खातात. काही घोड्यांना त्यासाठी चक्क मिशा आहेत. डोंगरांवर निलगिरी वाढली. निलगिरी घोडे खात नाहीत.

*

रिकामी सीट. उत्तरेला समुद्रावरच्या कड्याशी सान आंद्रेस दे तेइशीदोचं लहानसं चर्च आहे. इथे आयुष्यात एकदा यायलाच हवं. जिवंतपणी राहून गेलं तर मेल्यावर यावं लागतं, सरडा, साप किंवा बेडूक होऊन. कुणाची यात्रा राहिली असेल तर घरची माणसं त्याला घेऊन येत. दफनभूमीत जायचं, थडग्यावर थाप मारायची, चल म्हणायचं. बसमध्ये त्याचंही तिकीट काढायचं. त्याच्या सीटवर कुणाला बसू द्यायचं नाही, आणि रस्ताभर त्याच्याशी बोलत राहायचं: आता घाट लागला, आता उतरायचंय.

तिथे कणकेच्या रंगवलेल्या छोट्या मूर्ती अजून मिळतात. वाटेवरचे दगडांचे ढीगही आहेत. येणाऱ्याने एक दगड टाकायचा. लोक आता स्वतःच्या गाड्यांनी येतात, त्यामुळे जादा तिकीट काढायचा प्रश्न मिटला आहे.

तेइशीदोला गेलात तर वाटेत खाली बघून चाला. सरड्यावर पाय पडू देऊ नका.