नाव आणि हाक

कुत्रा पाळणे सोपे आहे. त्याचे नाव ठेवणे अवघड. मुलाच्या वेळी पंचांग निदान आद्याक्षर तरी सुचवते. आत्या येते, तिच्या पाठीत बुक्के बसतात आणि एकदाचे नाव कानात पडते. कुत्र्याला ना रास, ना आत्या. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणात, भर पावसात एक तांबूस पिल्लू आमच्या गुलमंडीमागच्या घराच्या पायरीवर येऊन बसले, तेव्हा त्याला दूध देण्याबाबत कोणाचेच दुमत नव्हते. भांडण पेटले ते नावावरून.

चिरंजीवांनी ‘रॉकी’ ठरवून टाकले. कन्येला ‘लाइका’ हवे होते. ३ नोव्हेंबर १९५७ या दिवशी रशियाने अंतराळात धाडलेली ती कुत्री तिच्या पुस्तकात होती. “ती परत आली का गं?” सौभाग्यवतींनी विचारले. ती परत आली नव्हती. नाव बाद झाले. शिवाय आमचा पाहुणा गडी होता!

मग मी माझी विद्वत्ता बाहेर काढली. वैदिक वाङ्मयात देवांची कुत्री सरमा आहे आणि तिची पिल्ले श्याम आणि शबल यमाच्या वाटेवर राखण करतात, असे सांगून मी ‘शबल’ सुचवले. “यमाचं कुत्रं माझ्या उंबऱ्यात नको,” असा निकाल तत्काळ मिळाला. त्यावर मी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा लाडका ‘खंड्या’ पुढे केला. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. राजाच्या कुत्र्याचे नाव, तेव्हा नाही कोण म्हणणार? पण चिरंजीव म्हणाले, “बाबा, मित्र हसतील!”

आई कोपऱ्यात वाती वळत होती. वडील जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते आणि ती मोजकेच बोलत असे. तिने मान वर न करताच विचारले, “धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत गेला, त्या कुत्र्याचं काय रे नाव होतं?”

मी गप्प झालो. भाऊ गेले, द्रौपदी गेली, तरी त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज तयार झाला नाही. पण एवढ्या मोठ्या महाभारतात व्यासांनी त्या कुत्र्याला नाव म्हणून दिलेले नाही.

नावाच्या बाबतीत आम्ही या गावचे लोक तसे मुरलेले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवली ती खडकी. त्याच्या मुलाने केले फत्तेनगर. १६५३ पासून औरंगाबाद. आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. गावाच्या नावासाठी पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडतात, मग कुत्र्याच्या नावाला तीन महिने लागले तर नवल काय? तोवर ज्याने त्याने आपले नाव चालू ठेवले. ते बापडे सर्वांकडे सारख्याच कुतूहलाने पाही आणि कोणाकडेच जात नसे. रेबीजची लस टोचायला नेले, तेव्हा कार्डावरची नावाची जागा मी कोरीच ठेवून आणली.

आणि दिवाळी आली. आदल्या वर्षी दुःखामुळे आम्ही ती केली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाक्यांची माळ लागली आणि हा हा म्हणता कुत्रे दारातून पसार झाले. आम्ही तिघे धावलो. औरंगपुऱ्यापर्यंत मी “खंड्या”, मुलगा “रॉकी” आणि मुलगी रडत रडत “लाइका” अशा हाका मारीत होतो. एका दुकानदाराने पूजा आटोपून बाहेर येत कळवळून विचारले, “साहेब, एकूण किती कुत्री हरवली?”

त्या क्षणी मला हसू आले नाही. ज्याला आपण एक नाव देऊ शकलो नाही, तो आपल्या हाकेला कसा येणार, एवढेच मनात आले.

दहा वाजता आम्ही हात हलवीत परतलो. आई पणती हातात घेऊन पायरीवर उभी होती. काय झाले ते तिला सांगावे लागले नाही. तिने अंधाराकडे तोंड केले आणि म्हणाली,

“ऐकलंत का? दूध निवतंय.”

समोरच्या टेंपोखाली काहीतरी हलले. अंग चोरीत, शेपूट पोटाशी घेऊन कुत्रे बाहेर आले आणि सरळ तिच्या पायांशी जाऊन बसले.

मी जागच्या जागी उभा राहिलो. बावन्न वर्षांच्या संसारात आईने वडिलांचे नाव लग्नकार्यातल्या उखाण्यांखेरीज कधी घेतले नव्हते. ‘ऐकलंत का?’ हीच तिची हाक. वडील कितीही पेपरात बुडालेले असोत, त्या हाकेला ‘ओ’ येई. ते गेल्यापासून तो शब्द आमच्या घरात उच्चारला गेला नव्हता, असे आम्ही समजत होतो. पण कुत्र्याला तो पाठ होता. म्हणजे रोज पहाटे, आम्ही झोपेत असताना, दुधाच्या वाटीपाशी तो उच्चारला जात होता.

कार्डावर मी ‘खंड्या’ लिहून टाकले. कागदाला नाव लागतेच.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. पहाटे मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरात भांडे वाजले आणि पाठोपाठ हलकेच हाक आली. मी उठलो नाही. ती माझ्यासाठी नव्हती.