तेलाचा डाग

देवळाच्या प्रांगणात तेल सांडणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. दीपस्तंभाच्या कोनाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ओघळलेल्या तेलाने चुना काळवंडतो, गर्भागाराबाहेरच्या समईखालची फरशी बोटाला चिकटते. पण त्याला कोणी डाग म्हणत नाही. 2009 सालच्या माघातल्या जत्रेत अग्रशाळेसमोर आमच्या वडिलांच्या अँबॅसडरखाली जे तेल जमले, त्याला मात्र सर्वांनी डागच म्हटले. तो डाग कोठून आला हे आम्हांस पंधरा वर्षांनी कळले. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे कुळदैवत फोंडा महालातले. घराणे मात्र तीन पिढ्या बेळगावचे. वर्षातून एकदा खानापूर, लोंढा, रामनगर करीत, अनमोडचा घाट उतरून मोले आणि तेथून फोंडे, हा आमचा ठरलेला मार्ग. आणि त्या मार्गावरचे ठरलेले वाहन म्हणजे वडिलांची 1968 सालची मार्क टू अँबॅसडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेऊन हिंदुस्थान मोटर्सने बंगालातील उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी काढली, आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. आमच्या घरात तिला गाडी असे क्वचितच म्हटले जाई. ‘ती’ म्हटले की पुरे.

तिची देखभाल खानापूरच्या एका मेस्त्रींकडे असे. ते मूळचे आमच्याच महालातले. घरात कोकणी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि इंजिनाशी एक शब्दही नाही, अशी त्यांची रीत. 2009 च्या जत्रेपूर्वी त्यांनी इंजिन संपूर्ण उतरवून क्रँकची बेअरिंगे बदलली होती. पंधरवड्याने आम्ही फोंड्यास पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पाठीमागच्या बाजूस, इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात त्या जागेखाली, ताटाएवढे तेलाचे थारोळे. देवस्थानच्या मंडळींनी गाडी आवाराबाहेर काढावयास सांगितले. ते रास्तच होते. पण चारचौघांत वडिलांची मान खाली गेली.

मेस्त्रीही जत्रेस आले होते. आम्ही तेव्हा नुकतेच वकिलीत स्थिरावत होतो, आणि नव्या वकिलाला जगात सर्वत्र साक्षीदाराचा पिंजराच दिसतो. आम्ही त्यांना तेथेच उभे केले.

“मेस्त्री, मागचे बेअरिंग तुम्हीच बसवलेत ना?”

“होय, वकीलबाब.”

“तेल मागूनच गळते आहे ना?”

“मागच्यान दिसता, पूण…”

“पण नको. होय की नाही, तेवढे सांगा.”

“होय.”

मेस्त्री क्षणभर थांबले. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, “तेल वयल्यान सकयल देंवता, वकीलबाब. सकयल्यान वयर चडना.” तेल वरून खाली येते, खालून वर चढत नाही, एवढेच ते बोलले आणि गर्दीत मिसळून गेले. आम्ही त्या वाक्याला निरुत्तर झालेल्या माणसाचे तत्त्वज्ञान समजलो. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत, आणि आम्हीही त्यांना बोलावले नाही. वडील दर आठवड्यास अर्धा लिटर तेल घालीत राहिले. 2017 साली ते गेले आणि गाडी पडवीत ताडपत्रीखाली विसावली.

2024 च्या दिवाळीनंतर आमच्या चिरंजीवांनी विचारले, “ही विकायची की चालवायची?” विकण्याचे शब्द ओठांवर येईनात, म्हणून आम्ही ती शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि निर्णय दिला: मागचे सील गेले, इंजिन उतरवावे लागेल. खर्चाचा आकडाही सांगितला. निर्णय आमच्या 2009 सालच्या निर्णयाशी तंतोतंत जुळत होता. आम्हांस समाधान वाटावयास हवे होते. पण वकिलाच्या पोटात एक सवय मुरलेली असते: पैसे भरण्यापूर्वी कायदा वाचावा. आम्ही या इंजिनाचे जुने दुरुस्तीपुस्तक मिळवले आणि ते अधिनियमाच्या कलमांसारखे वाचावयास बसलो.

पहिल्याच दिवशी आम्हांस धक्का बसला. 1489 घनसेंटिमीटरच्या या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबराचे सीलच नाही! क्रँकवर स्क्रूच्या आट्यासारखी एक खाच कापलेली असते. क्रँक फिरू लागला की ती खाच बाहेर येऊ पाहणारे तेल आत ढकलीत राहते. इंजिन थांबले की ढकलणेही थांबते. तेव्हा थोडीशी पाझर ही या रचनेचा स्वभावच आहे. तो पाझर कोठे जावा याचीही सोय रचनाकारांनी केली आहे. फ्लायव्हीलवरच्या घंटेसारख्या आवरणाला तळाशी एक भोक असते आणि त्यात एक कॉटर पिन सैल लोंबत असते. गाडीच्या हादऱ्यांनी ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजत नाही. म्हणजे मागच्या बेअरिंगातून तेल येत असेल, तर ते आवरणाच्या आत उतरून त्या पिनेवरून ठिबकले पाहिजे.

आम्ही सतरंजी पसरून गाडीखाली शिरलो. आवरण बाहेरून तेलाने निथळत होते. पिन जवळजवळ कोरडी होती.

परिस्थितिजन्य पुराव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली पाच तत्त्वे सांगितली. त्यांतले एक असे की, सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या अपराधाखेरीज अन्य कोणत्याही तर्काशी जुळता कामा नयेत. 1872 चा पुराव्याचा कायदा जाऊन 2024 च्या जुलैपासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण हे तत्त्व बदललेले नाही. ते आम्ही न्यायाधीशांपुढे अनेकदा म्हणून दाखवले आहे. जत्रेच्या आवारात मात्र त्याची आठवण झाली नव्हती. डाग मागे, म्हणून दोष मागचा, इतकाच आमचा पुरावा होता.

आता रीतसर तपास सुरू केला. गळतीच्या शोधातले पहिले काम म्हणजे स्वच्छता. मळलेल्या इंजिनावर सगळेच ओले असते, आणि जेथे सगळेच ओले तेथे उगम दिसत नाही. डिझेल आणि ब्रश घेऊन आम्ही दोन दिवस इंजिन घासले, पुसले, वाळू दिले. आजकाल तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याने माग काढतात. आम्ही जुना मार्ग धरला. सौभाग्यवतींचा टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि इंजिनाच्या सर्व सांध्यांवर पावडर भुरभुरली. गाडीखाली जाड पुठ्ठा पसरला, त्यावर चाकांच्या खुणा केल्या आणि इंजिन पाव तास चालू ठेवले.

एक नियम ध्यानात ठेवावा. तेलाला गुरुत्व खाली ओढते आणि धावत्या गाडीत वारा मागे लोटतो. म्हणून थेंब जेथे पडतो ती जागा उगमाच्या खाली आणि मागे असते. उगम हवा असेल तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. हे वाक्य आम्ही वहीत उतरून घेतले, आणि उतरताना हात थांबला. तेल वयल्यान सकयल देंवता. मेस्त्रींनी तत्त्वज्ञान सांगितले नव्हते. त्यांनी तपासाची दिशा सांगितली होती.

वर रॉकर कव्हरची पावडर पांढरीशुभ्र होती. पुढची बाजू कोरडी. मग सौभाग्यवतींचाच हातआरसा आणि विजेरी घेऊन आम्ही डाव्या अंगास, मॅनिफोल्डच्या खाली डोकावलो. तेथे इंजिनाच्या कुशीत पत्र्याची दोन झाकणे असतात, ज्यांना टॅपेट कव्हर म्हणतात. प्रत्येकाच्या मध्यभागी एकच बोल्ट आणि कडेने बुचाचे गॅस्केट. पुढचे झाकण कोरडे. मागच्या झाकणाच्या खालच्या कडेवर मात्र पावडरीत एक काळी रेघ उमटली होती. ती ब्लॉकवरून उतरत, चेंबरच्या कडेने मागे सरकत, घंटेच्या आवरणावर पोहोचली होती. आणि तेथून थेंब बरोबर त्या जागी पडत होता, जेथे 2009 साली थारोळे होते.

मॅनिफोल्ड उतरवून झाकण काढले. पत्रा बोल्टाभोवती बशीसारखा आत दबला होता. त्यामुळे कडा उचलल्या गेल्या होत्या आणि बूच मध्येच चिरडून फाटले होते. कोणीतरी बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला होता. हे ‘कोणीतरी’ लिहिताना आम्ही वाचकांची फसवणूक करीत आहोत. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे घासले गेले होते, आणि ते कोणत्या पान्याने हे आम्ही ओळखले. 2009 च्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात त्या झाकणाखाली किंचित ओल दिसली होती. मेस्त्रींना बोलावण्याऐवजी आम्ही स्वतःच, वडिलांना न सांगता, लांब दांड्याचा पाना घालून तो बोल्ट दोन्ही हातांनी पिळला होता. जेवढे घट्ट तेवढे पक्के, अशी आमची समजूत होती. ही गोष्ट आम्ही विसरलो नव्हतो; तिचा या खटल्याशी संबंध आहे असे आम्हांस कधी वाटलेच नव्हते. फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश आम्हीच होतो. आरोपीही आम्हीच होतो हे तेवढे राहून गेले होते.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. झाकणाची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट केली. नवे बूच झाकणाला शेलॅकने चिकटवले, ब्लॉककडच्या अंगास ग्रीसचा हात फिरवला, आणि बोल्ट आखूड पान्याने, बूच जेमतेम दबेल इतकाच आवळला. खर्च म्हणाल तर बुचाची एक पट्टी आणि दोन रविवार.

दुसरी दुरुस्ती मात्र साधी नव्हती. आम्ही खानापुरास गेलो. मेस्त्री आता ऐंशीच्या घरात, गॅरेज बंद. त्यांच्या घरच्या बाईंनी चहा ठेवला आणि सहज सांगावे तसे सांगितले की, त्या जत्रेनंतर बेळगावच्या चार-पाच घरांनी गाड्या आणणे थांबवले, आणि मुलगा मग या धंद्यात पडलाच नाही. त्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांस उत्तर देता आले असते.

आम्ही सगळी हकीकत सांगितली, पान्यासह सांगितली. मेस्त्रींनी मान हलवीत ऐकून घेतली आणि विचारले, “फुडल्या कव्हराची नळी निवळ केली?”

पुढच्या टॅपेट कव्हरला इंजिनाच्या श्वासाची नळी असते. पुढचे झाकण कोरडे म्हणून आम्ही त्याला हातही लावला नव्हता. घरी येऊन ती उघडली. आतली जाळी काळ्या राळेने बुजून गेली होती. दट्ट्यांच्या कडेने खाली उतरणारी वाफ बाहेर पडू शकत नव्हती. इंजिन आत फुगत होते आणि जो सांधा दुबळा, तेथून तेल बाहेर लोटीत होते. नळी साफ केली नसती तर नवे बूचही फार दिवस टिकले नसते. चहाच्या घोटाबरोबर, गाडी न पाहता, त्यांनी हे सांगितले होते. 2009 साली त्यांचे ‘पूण’ आम्ही पुरे होऊ दिले असते, तर त्यापुढे कदाचित हेच आले असते.

आरोप चारचौघांत झाला होता, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांतच व्हावयास हवी, हे न्यायाचे साधे गणित. 2025 च्या माघात आम्ही मेस्त्रींना पुढच्या आसनावर बसवून जत्रेस नेले. गाडी आवाराबाहेर उभी केली. रात्री अग्रशाळेत महाजन मंडळी जेवणानंतर बसली असता आम्ही उभे राहिलो, आणि त्या तेलाचा दोष मेस्त्रींचा नव्हता, आमचा होता, तो आम्ही त्यांच्यावर खोटा घातला, असे सांगितले. कोणी सुपारी कातरीत होते, ती कातरायची थांबली. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “आम्हीही गाडी नेणे बंद केले होते हो, मेस्त्री.” मेस्त्री काहीच बोलले नाहीत. गेलेली पंधरा वर्षे अशा एका वाक्याने परत येत नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होते.

सकाळी ते आमच्या आधी उठून गाडीपाशी गेले होते. खाली पसरलेला पुठ्ठा त्यांनी ओढून बाहेर काढला आणि उन्हात धरला. मधोमध, बरोबर त्या कॉटर पिनेखाली, एक थेंब होता, नाण्याएवढा. आमचा चेहरा पडलेला पाहून मेस्त्री प्रथमच हसले.

“तो थेंबो तिचो,” ते म्हणाले.

मग पुठ्ठा त्यांनीच पुन्हा गाडीखाली सरकवला, आणि आम्ही दोघे दर्शनास आत गेलो.