मुद्दल आणि व्याज

गेल्या माघात सहकुटुंब गजपंथाच्या यात्रेचा योग आला. नाशिकजवळील म्हसरूळ गावालगतचे हे सिद्धक्षेत्र. पहाटे पायऱ्या चढून जिनबिंबांचे दर्शन घेतले आणि परतताना मुंबई-आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी पाहण्यास थांबलो. चोवीस लेण्यांचा हा समूह मुख्यतः बौद्ध. तथापि अकराव्या लेण्यात भगवान ऋषभदेव व अंबिका यांच्या मूर्ती आहेत.

आमच्या व्यापारी मनाला खिळवून ठेवले ते मात्र शेजारच्या दहाव्या लेण्याने. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी तेथे चक्क हिशेब कोरून ठेवला आहे. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० शेकडा पाऊण दराने. अट एकच : मुद्दलास हात लावायचा नाही, केवळ व्याज उपभोगायचे. २००० चे वार्षिक व्याज २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो!

डोंगरावर राहणाऱ्यांची सोय झाली आणि पायथ्याच्या मागांना भांडवल मिळाले. तीर्थाटनाने देशाची अर्थव्यवस्था वाढते, असे आपण म्हणतो. ती वाढते ती अशी.

खाली उतरताना द्राक्षांची पाटी घेऊन बसलेल्या एका आजींनी हाक मारली, "ताई, घ्या की, आपल्याच बागेतली हायेत." आहाराचे नियम म्हणून पाणी, फराळ, सारे आम्ही घरूनच आणले होते. गाडीत बसल्यावर धाकटी म्हणाली, "बाबा, आपण इथे काहीच ठेवून गेलो नाही." उत्तर सुचेना. नियम आमचा होता, पण द्राक्षांना तो कुठे आड येत होता? मागे फिरलो आणि दोन किलो द्राक्षे घेतली.

मांगीतुंगीला २०१६ साली १०८ फुटी ऋषभदेवांची प्रतिष्ठापना झाली. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. नाशिक जिल्ह्यात यात्रेकरूंना तोटा नाही. प्रश्न त्यांच्या संख्येचा नाही. रिक्षावाला, फुलवाली, धर्मशाळेचा आचारी यांच्या हाती जे पडते, ते व्याज. डोंगर, गोदावरीचे पाणी, लेण्यांतील शांतता हे मुद्दल. व्याजाच्या लोभाने जो मुद्दल खातो, त्याच्या पेढीचे काय होते, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही.

पुढील यात्रेस निघताना डबा जरूर बांधावा. परंतु पायथ्याशी खर्चण्यासाठी काही रक्कम वेगळी ठेवावी, आणि डोंगरावर कचऱ्याचा कपटाही ठेवू नये.