वेलांटीचा मुक्काम

महाड हे नाव संगणकाला फार सोपं जातं. म, ह, काना, ड. एकापुढे एक मांडत गेलं की झालं. रायगड, पाचाड, दासगाव, चवदार ही नावंही तशीच सरळ. कुणाचा पाय मोडलेला नाही, कुणाच्या डोक्यावर रफार नाही. पण गावाजवळून वाहते ती सावित्री, एमआयडीसीला लागून आहे ते बिरवाडी आणि पाचाडला समाधी आहे ती जिजाऊंची. इथे मांडून भागत नाही, जुळवावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी त्याच्या आधी. 'त्र' आत तीन तुकड्यांत पडून असतो. ही जुळणी मुख्य प्रोग्राम स्वतः करत नाही, त्यासाठी तो दुसऱ्या कुणाला हाक मारतो.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्यामुळे आमच्या ओळखीच्या फ्लेक्सवाल्याचा पीसी चिखलात गेला ही बातमी कुठल्याच हिशेबात धरण्यासारखी नव्हती, आणि तोही ती कुणाला सांगत बसला नाही. नवा पीसी घेतला, पेन ड्राइव्हवर राहिलेलं परत चढवलं. त्यात मित्राने पायथनमध्ये लिहून दिलेला एक छोटा प्रोग्राम होता: एक्सेलच्या यादीतून नावं उचलायची आणि प्रशस्तिपत्राच्या चित्रावर छापायची. चालतोय का पाहायला त्याने 'महाड' छापून बघितलं. अर्थातच झकास आलं.

दिवाळीत किल्ले बनवण्याच्या स्पर्धेची प्रशस्तिपत्रं छापायची होती. मी पुण्याहून घरी आलोय हे कळल्यावर तो नमुना घेऊनच आला. "दादा, फॉन्ट मेलाय बघ."

फॉन्ट जिवंत होता. 'प्रशस्तिपत्र' या एका शब्दात मराठी लिपीची बहुतेक सगळी कसरत आहे, आणि ती सगळीच फसली होती. 'प्र'चा पाय मोडून बाजूला सुटा 'र' उभा होता, 'स्ति'ची वेलांटी पुढच्या 'प'च्या अंगावर गेली होती. 'शिवाजी'मधली वेलांटी 'वा'वर मुक्कामाला. आणि पडद्यावर चुकीबद्दल एक शब्द नाही. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. प्रोग्रामच्या मते काम उत्तम झालं होतं.

चित्रावर अक्षरं लिहायला पायथनमध्ये पिलो नावाची लायब्ररी असते. ती हाक मारते राक्म नावाच्या दुसऱ्या लायब्ररीला. राक्म जोडाक्षरं हार्फबझकडून करवून घेते आणि ओळीची दिशा फ्रीबिडीला विचारते. फ्रीबिडीचं खरं काम अरबी, हिब्रू, उर्दू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचं. मराठीला तिची तशी गरज नाही, पण ती नसेल तर राक्म उभीच राहत नाही. पिलोच्या ८.२ आवृत्तीपासून राक्म सोबत मिळते. विंडोजवर फ्रीबिडीची डीएलएल फाईल मात्र आपण आणून ठेवायची. जुन्या पीसीत ती कुणीतरी कधीतरी ठेवली असणार, प्रोग्रामच्या फोल्डरबाहेर. पेन ड्राइव्हवर फोल्डर आलं, बाहेरचं बाहेरच राहिलं.

पिलोला राक्म मिळाली नाही की ती न कुरकुरता साध्या मांडणीवर उतरते. इंग्रजीत फारसा फरक पडत नाही, म्हणून बनवणाऱ्यांना हे सोयीचं वाटलं असावं. मला ते नडतं. लायब्ररी सापडली नाही की जावा निदान ओरडतं तरी: 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' म्हणतं आणि थांबतं. विंडोजची ओरड फसवी असते, हेही खरं. ती ज्या फाईलचं नाव घेते ती बऱ्याचदा जागेवर असते. नसते ती तिच्या मागची. महाडला पाणी चढतं तेव्हा पाऊस महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरात पडलेला असतो, तसं. शोध वरच्या अंगाला घ्यावा लागतो.

पिलोला सरळ विचारलं, राक्म आहे का? उत्तर आलं, नाही. मग फ्रीबिडीची फाईल मिळवून पायथनच्या शेजारी, त्याच फोल्डरात ठेवली. ६४ बिटांच्या पायथनला ३२ बिटांची फाईल चालत नाही, एवढं पाहून घ्यायचं. पुन्हा विचारलं, आहे. वेलांट्या आपापल्या घरी गेल्या.

खरी दुरुस्ती त्यानंतरची. पिलोला अक्षरं लिहायला सांगताना भाषाही सांगता येते. तिथे मराठीची खूण, 'एमआर' ही दोन अक्षरं घातली. राक्म असेल तर ठीक. नसेल तर आता पिलोला मुकाट्याने साध्या मांडणीवर उतरता येत नाही. राक्मशिवाय भाषा पाळता येणार नाही, असं सांगून ती थांबते. त्याला दाखवायला मी डीएलएलचं नाव बदललं. प्रोग्राम लाल अक्षरांत आडवा झाला.

तो दचकला. "म्हणजे आता बंदच पडणार?"

"हो. चुकीचं छापण्यापेक्षा."

"बरं झालं. शाळेत शंभर वाटून झाल्यावर कळलं असतं तर माझं काही खरं नव्हतं." आणि लगेच पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाला, "ती फाईल हिच्यात पण टाक. प्रोग्रामच्या फोल्डरातच."